पोपट, वकील अन नणंद

मी हात वर केला तो पाण्याच्या टँकरसाठी. हे आधीच सांगून ठेवते, कारण मंग सगळी शाळा म्हणे का ही बाई लय हुशार, पहिला हात हिचाच वर गेला. तसं काही नव्हतं. आमच्या हुडकेश्वरच्या नव्या वस्तीत, लेआऊटमध्ये, टँकर आला का शेजारीण फोन करते, अन त्या दिवशी मी शाळेत पालकसभेले मागच्या बेंचवर बसून राहिली होती, फोन मांडीवर थरथर करून राहिला होता, घरी ड्रम रिकामे, अन टँकर निघून गेला तर आत्याबाई, म्हंजे माह्या सासूबाई, मले काय काय ऐकवतीन याचा हिशोब माह्या डोक्यात चालू होता. म्हणून हात वर केला, का मॅडम, मी जाऊ का. अन नेमकं त्याच वक्ती हेडमॅडम माइकवर म्हणून राहिल्या होत्या, "तर मग पालकांमधून समितीत कोण येणार?"

"वा! पहिला हात एका आईचा!"

टाळ्या. मी उभी राहून सांगतलं का मॅडम टँकर आला, पण टाळ्यात कोणाले ऐकू जाते. मी जी पळत सुटली ते सरळ घरी. ड्रम भरले तवा जीवात जीव आला.

समिती कशाची हे मले पाइप धरून उभी असताना कळलं, व्हॉट्सॲपवर. हेडमॅडमचा मेसेज लांबच लांब होता. तिसरी अन चौथीच्या वर्गात एआयवाला साथीदार आणायचा आहे. तो टॅबमध्ये राहते अन लेकरांना शिकायले मदत करते. तीन प्रकारचे आहेत. शाळेले एकच घ्यायचा आहे. तीन पालकांनी येऊन तिघांनाही पाहायचं अन सांगायचं कोणता ठेवायचा. पहिला प्रकार असा का लेकरानं विचारलं का लगेच उत्तर देते. दुसरा उत्तर देतच नाही, उलटा तोच लेकराले प्रश्न विचारते, अन विचारता विचारता उत्तर लेकराच्या तोंडूनच काढून घेते. तिसरा लेकरांशी बोलतच नाही. तो वर्गात चुपचाप पाहत राहते, अन मॅडमले सांगते का कोण कुठं मागं पडून राहिलं, कोणाचं लक्ष नाही.

आम्हा आयांचा एक वेगळा ग्रुप आहे, त्यात मॅडम लोक नाहीत. तिथं पोळ्या व्हायच्या आत तिघांचं बारसं होऊन गेलं. पटकन सांगणारा तो पोपट. उलटे प्रश्न विचारणारा तो वकील. अन कोपऱ्यात बसून सगळं पाहून वर नेऊन सांगणारी ते नणंद. मीबी हसली. हसता हसता मेसेजची शेवटची ओळ वाचली अन माहं हसू तिथंच अटकलं. वकिलाबद्दल लिहिलं होतं, "गरज पडल्यास हा साथीदार विद्यार्थ्याला घरच्या मोठ्यांशी चर्चा करण्यास सांगतो."

आता आमच्या घरचे मोठे म्हंजे कोण? पोरीचे बाबा टाइल्स बसवाचं काम करतात, सकाळी तिकडं बेसा भागात फ्लॅटच्या कामावर गेले का दिवेलागणीलेच येतात. आत्याबाईले विचारलं तर त्या प्रश्न विचारणाऱ्यालेच झापतात. राहिली कोण? मी.

अन मी आठवी. आमच्या गावात शाळाच आठवीपर्यंत होती, पुढच्या शाळेले एसटीनं जा लागे, अन एसटी आली त आली नाही त नाही. म्हणून आठवीनंतर घरी. मंग लग्न. मंग पोरगी.

पोरगी पहिलीत होती तोपर्यंत माहं बरं चाललं. दोन अन तीन किती, गाय काय देते, हे मले सगळं येत होतं. दुसरीत थोडं जड गेलं. तिसरीत गेली अन तिच्या डोक्यात काय शिरलं काय माहीत, आई, चिमणी रात्री पडत काहून नाही? आई, मीठ पाण्यात जाते कुठं? आई, कढईले कान दोन काहून? मी आपली एकच युक्ती शिकली होती. तिनं असं काही विचारलं का मी म्हणो, "थांब, भाजी जळते." अन स्वयंपाकघरात शिरो. तिथं उभी राहून विचार करो, नाहीच सुचलं तर झारा घेऊन खडखड करो. तोपर्यंत ती विसरून जाय. मले वाटे विसरून जाते.

कारण एक दिवस तिच्या वर्गाच्या मॅडम मले फाटकाशी म्हणाल्या, "तुमची मुलगी सांगत होती, माझ्या आईला सगळं येतं." त्या हसून बोलल्या. सगळं येते! त्या दिवसापासून मले एकच भीती, का हिले कळलं का आईले काहीच येत नाही, तर मंग? आता वकील वर्गात आला, अन तो रोज एक प्रश्न दप्तरात टाकून घरी पाठवत गेला, तर मी किती भाज्या जाळू?

म्हणून मी ठरवून टाकलं. काहीबी झालं तरी पोपट. तो तिथल्या तिथं उत्तर देईन, प्रश्न शाळेतच मरन, माह्या घरापर्यंत येणार नाही.

नवऱ्याले सांगतलं तर तो जेवता जेवता हसाले लागला. "अवं, दोन टाइल्समधून एक निवडाले गिऱ्हाईक माहा महिना खाते. तुले तर तिघातून एक निवडायचा. आता सुचू दे तुले."

"अहो, मी त्यांना काय विचारू? मले का कळते त्यातलं?"

आत्याबाई पलंगावरून ऐकून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "काय पायाले चालली वं?"

"मशीन. तीन आहेत. त्यातली एक पसंत करायची."

"मंग त्याच्यात काय हाये? पोरगी पायतात तसंच. बस म्हणाचं, बोल म्हणाचं, अन जाचा खरा सोभाव पायाचा हाये त्याले असा प्रश्न टाकाचा का त्याचं उत्तरच नसन. मंग पाय कशी गडबडते."

"असा कोणता प्रश्न?"

"तुले नाही का म्या विचारला होता? वांग्याच्या भाजीत मीठ किती टाकतं म्हणून?"

मले आठवलं. माह्या पाहण्याच्या कार्यक्रमात मी मान खाली घालून बसली होती, अन आत्याबाईनं हाच प्रश्न केला होता, अन मी इतकी घाबरली का श्वासच पुरेना, अन तोंडातून निघून गेलं, "वांगे किती?" सगळे हसले. माही आई आतून कपाळावर हात मारून राहिली होती. पण लग्न जमलं. तवापासून मी मनात धरून बसली होती का माह्या त्या उत्तरावरच जमलं.

पाहायच्या दिवशी मी लग्नातली जांभळी साडी नेसली. आत्याबाई म्हणाल्या, "तुले पायाले नाही चालले ते." पण मले दुसरं काही सुचलं नाही.

शाळेच्या हॉलात टेबलावर लाल कपडा, त्यावर तीन टॅब स्टँडवर उभे करून ठेवलेले, जसे तिघं फोटो काढाले बसलेत. बाजूले कंपनीचे साहेब. ते असे हात पुढं बांधून उभे होते जसा पोरीचा भाऊ उभा राहते, अन मशीनले कोणी काही विचारलं का मशीनच्या आधी हेच बोलत. समितीत आम्ही तिघं. एक मी. एक मनीषनगरवाल्या बाई, केस मोकळे, हातात मोठ्ठा फोन, त्यांचा पोरगा चौथीत. अन एक आजोबा, रिटायर झालेले, नातू तिसरीत, त्यांच्या पिशवीत कायम पेपर राहते अन ते कायम कोणाचं ना कोणाचं चुकलेलं सांगत राहतात. समोर हेडमॅडम. मागं तर्रीपोह्याच्या प्लेटा मांडलेल्या, वासानं हॉल भरला होता. अन पोह्याच्या बाजूलेच पूजेची थाळी, दिवा लावलेला. आमच्या शाळेत नवं काही आलं का हळदकुंकू लागते. बोअरवेलले लागलं, प्रोजेक्टरले लागलं, नव्या संडासाच्या दारालेबी लागलं.

पहिले मनीषनगरवाल्या बाईनं पोपटाले विचारलं, सत्तावीसचा पाढा. पोपटानं धाडधाड म्हणून टाकला. मंग राजधान्या, मंग इंग्रजी स्पेलिंगा. एकदाबी अटकला नाही. बाई म्हणाल्या, "परफेक्ट. मुलं परीक्षेत कुठे कमी पडणारच नाहीत." मीबी जोरजोरानं मान हलवली. माहा पोपट चांगला चालून राहिला होता.

"तुम्ही विचारा ना," हेडमॅडम मले म्हणाल्या.

मी पदर आवळला. काय विचारू, काय विचारू, अन तोंडातून तेच निघालं, "वांग्याच्या भाजीत मीठ किती टाकू?"

कंपनीचे साहेब म्हणाले, "मॅडम, हे अभ्यासासाठी आहे." पण पोपटानं तोवर सांगून टाकलं, "एक छोटा चमचा, किंवा चवीनुसार."

"बघा, कसं बरोबर सांगितलं," साहेब लगेच म्हणाले.

"काय बरोबर सांगतलं, बाबू?" आजोबा बोलले. "चवीनुसार म्हणून सांगतलं. म्हंजे काहीच नाही सांगतलं. हे त माहा नातूबी सांगन."

मंग तोच प्रश्न वकिलाले. तो म्हणे, "भाजी किती जणांची आहे? आणि तुम्ही चाखून पाहिली का?"

मले रागच आला. घरी पोरगी आहे ना प्रश्न विचाराले! अन त्याच्या मागून लगेच मनात आलं, अवं, तूबी तर असंच विचारलं होतं. वांगे किती. पण मी ते मनातल्या मनात दाबून टाकलं. मले पोपट पाहिजे होता.

नणंदेले विचाराची सोयच नव्हती, ते बोलतच नव्हती. साहेबानं तिचा टॅब प्रोजेक्टरले जोडला, का ते मॅडमले कसं कसं दाखवते ते पाहा. अन भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात आलं, "सदस्य एक: उत्साही. सदस्य दोन: वारंवार मध्ये बोलतात. सदस्य तीन: प्रश्न विचारताना अडखळतात, श्वास लागतो, पदराशी चाळा करतात. वैयक्तिक लक्ष देण्याची गरज."

सदस्य तीन म्हंजे मी. मी पदर सोडून दिला.

आजोबा म्हणाले, "मी वारंवार मधात बोलतो? कोण म्हणते?" भिंतीवर लगेच उमटलं, "सदस्य दोन: पुन्हा मध्ये बोलले."

"बंद करा हे," हेडमॅडम म्हणाल्या. आवाजावरून कळलं का नणंदेचं जमत नाही. पण साहेबाकडून ते बंद होईना, ते बटन दाबत राहिले अन नणंद भिंतीवर तशीच राहिली.

आता पोपट का वकील. हेडमॅडम म्हणाल्या, आधी तिघांनाही हळदकुंकू लावून घ्या, शुभ काम आहे, मग ठरवू. अन थाळी माह्या हातात दिली, म्हणे तुम्ही सगळ्यात लहान सुवासिनी. घरी देव मांडले का आपण मधल्या देवापासून सुरुवात करतो, तसा माहा हात आपोआप मधात गेला. मधात वकील. त्याच्या कपाळावर, म्हंजे जिथं त्याचा कॅमेरा होता त्याच्या थोडं खाली, मी हळद लावली, कुंकू लावलं. अन पोपटाकडं वळता वळता माहं कोपर लागलं, अन कुंकवाचा करंडा थाळीतून उडाला तो सरळ मागच्या तर्रीच्या उघड्या पातेल्यात.

तर्री तशीच लाल राहते, म्हणून काही दिसलंबी नाही. पण कुंकू संपलं.

चौथीच्या मॅडम पोह्याच्या टेबलाशी उभ्या होत्या, त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "अय्या! पसंत केला!"

आमच्याकडं पोरगी पाहाले गेले अन पसंत पडली का जागच्या जागी कुंकू लावतात. कुंकू लागलं म्हंजे बोलणी पक्की. त्याच्यावर नाही म्हणणं म्हंजे दोन घरात भांडण. वकील मधात लाल टिळा लावून ऐटीत बसला होता अन पोपट अन नणंद बाजूले कोरडे. पाहणारा कोणीबी हेच म्हणला असता.

"म्हणजे ऑर्डर समजू का?" साहेबानं खिशातून पेन काढला.

"अहो थांबा," मी म्हटलं, "कुंकू सांडलं, म्हणून..."

हेडमॅडम विचारात पडल्या. "लागलं तर आहे. आता कुंकू लावलेला परत पाठवायचा म्हणजे..."

"हे काय चालवलं?" आजोबा उठून उभे राहिले. "कुंकवावर निकाल लावता काय? मी नाही मानत. मत घ्या, मत. माहं मत वकिलाले."

मनीषनगरवाल्या बाई म्हणाल्या, "अहो काका, मानत नाही म्हणता आणि मत त्यालाच देता?"

"मानत नाहीच. पण कुंकू चुकून बरोबर जागी पडलं, त्याले मी काय करू?"

"माझं मत पहिल्याला. घरी मला अभ्यास घ्यायला वेळ नसतो. मुलाला उत्तर मिळालं की झालं."

एक इकडं, एक तिकडं. सगळ्यांनी माह्याकडं पाहिलं. दप्तरातून रोज घरी येणारे प्रश्न दिसाले लागले मले, एकामागं एक, रांगेत. मी डोळे मिटून म्हटलं, "पोपट."

"कुंकू वकिलाले अन मत पोपटाले!" चौथीच्या मॅडम म्हणाल्या, अन त्यांनी असं तोंडावर हात ठेवला जसं मी नवऱ्याले सोडून निघाली. भिंतीवर नणंदेनं लिहिलं, "सदस्य तीन: निर्णयात विसंगती."

हेडमॅडमलेबी ते जड गेलं असन. त्या म्हणाल्या, "ज्याच्यासाठी आणतोय त्यालाच विचारू. तिसरीतलं एक मूल बोलवा." शिपाईबाई गेल्या अन वर्गातून जी दाराजवळ बसली होती तिले घेऊन आल्या. रिबीन सुटलेली, एक मोजा खाली. माही पोरगी.

"अय, माही आई!" ती सगळ्यांना म्हणाली. मले वाटलं जमीन फाटावी. म्हटलं जाऊ दे, पोपटाले एक विचारन, उत्तर मिळन, जाईन.

तिनं पोपटाले विचारलं, "सावली रात्री कुठं जाते?"

हे मले तिनं मागच्या आठवड्यातच विचारलं होतं. तवा भाजी जळाली होती.

पोपट म्हणाला, "सावली म्हणजे प्रकाशाच्या मार्गात अपारदर्शक वस्तू आल्यामुळे निर्माण होणारा अंधुक भाग. रात्री सूर्यप्रकाश नसल्यामुळे..." अन बोलतच गेला, बोलतच गेला.

"बरं," पोरगी म्हणाली, अन वर पंख्याकडं पाहाले लागली. भिंतीवर आलं, "विद्यार्थिनी: लक्ष पंख्याकडे."

मंग वकील. तिनं पहिले त्याच्या टिळ्याकडं पाहिलं, हसली, मंग तेच विचारलं.

"तुला काय वाटतं, कुठं जात असेल?" वकील म्हणाला.

"मले वाटते, झोपाले जाते."

"मग रात्री घरात दिवा लावला तर सावली दिसते का?"

पोरगी थांबली. तिनं ओठ चावला. "दिसते! लाईट जाते तवा आई मेणबत्ती लावते, तवा आजीची सावली पार छतावर जाते. नुसतं नाकच एवढं मोठं!"

"मग सावली झोपलेली असेल का?"

"अर्धी झोपली असन."

आजोबा खो खो हसले. माही पोरगी, जी वर्गात तोंड उघडत नाही म्हणून मॅडम सांगत, ती टॅबसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती जशी भाजीवाल्याशी भाव करून राहिली. वकील म्हणाला, "दिवा वस्तूच्या जवळ नेला तर सावली मोठी होते की छोटी? घरच्या मोठ्यांना विचार, आणि दोघं मिळून करून बघा."

आली. शेवटी आली ती ओळ.

"घरी काहून?" पोरगी म्हणाली. "माही आई इथंच बसून आहे. आई, सांग नं. मोठी होते का लहान?"

हेडमॅडम, आजोबा, मनीषनगरवाल्या बाई, साहेब, सगळे माह्याकडं. अन वरून नणंद. मले खरंच माहीत नव्हतं. मोठी वाटे, मंग लहान वाटे. अन तोंडातून जे रोज निघते तेच निघालं.

"थांब, भाजी जळते."

सगळ्यांनी पोह्याच्या टेबलाकडं वळून पाहिलं. चौथीच्या मॅडमनं तर पातेल्यावरचं झाकणबी उचललं.

"आई, इथं भाजी नाही," पोरगी म्हणाली. मंग लोकांना समजावून सांगतल्यासारखं म्हणाली, "घरीबी नसते. तिले येत नसलं का ती भाजी जळते म्हणते. गॅस बंद राहते तवाबी म्हणते."

मी म्हटलं आता झालं. संपलं. पण तिचा चेहरा तर साधाच होता, जशी ती सांगून राहिली का आमच्या घरी टँकर येते.

"तुले कधीपासून माहीत आहे वं?" मी विचारलं.

"पहिल्या भाजीपासून."

"मंग मॅडमले काहून सांगतलं, का माह्या आईले सगळं येते?"

"येतेच तर! पोळ्या येतात, ड्रमात पाइप लावणं येते, सायकलची चेन बसवणं येते, आजीले चूप बसवणं येते. मॅडमनं सावलीचं कुठं विचारलं होतं?"

भिंतीवर उमटलं, "सदस्य तीन: दीर्घ श्वास सोडला." अन ते खरंच होतं. मी सोडला. किती दिवसाचा अटकला होता काय माहीत. मी हसाले लागली अन हसता हसता डोळ्यालेबी पाणी आलं, तर्रीमुळं असन.

"मले नाही माहीत वं," मी म्हटलं. "मोठी होत असन का लहान? तुले काय वाटते?"

"अरे, ही त दुसरी वकील निघाली!" आजोबा म्हणाले.

"मंग पाहू नं!" पोरीनं थाळीतला दिवा उचलला. मी रिकामा करंडा तर्रीतून चमच्यानं काढून, पुसून, सावली पाडाले पुढं धरला. पण हॉलाच्या खिडक्या उघड्या, बाहेर ऊन, सावली कुठं पडून राहिली ते कळेच ना. पडदे नव्हते. आजोबानं पिशवीतला पेपर खिडकीवर धरला, तर ऊन बाजूच्या खिडकीतून आलं. मनीषनगरवाल्या बाईनं ओढणी धरली. साहेब म्हणाले, "अहो, सोपं आहे, मी सांगतो..."

"तू चूप राहा, बाबू," आजोबा खिडकीजवळून म्हणाले.

साहेब चूप झाले, पण पोपट चालूच होता. त्याले कोणी विचारलंबी नव्हतं. तो म्हणाला, "दिवा वस्तूच्या जवळ नेल्यास सावली..."

"सांगू नको!" पोरगी ओरडली, अन तिनं दोन्ही कानावर हात ठेवले, दिवा माह्या हातात कोंबून. मीबी करंडा धरल्या हातानं माहा एक कान झाकला. मले काय झालं होतं माहीत नाही, ज्या उत्तरासाठी मी जीव टाकून राहिली होती ते आयतं येऊन राहिलं होतं, अन मलेच ते ऐकायचं नव्हतं. साहेबानं घाईघाईनं पोपट पालथा करून ठेवला. तो टेबलाशी तोंड लावून बराच वेळ बोलत राहिला.

मंग हेडमॅडमनं मले पुन्हा विचारलं. मी म्हटलं, वकील. चौथीच्या मॅडमनं सुटकेचा श्वास टाकला, संसार वाचला म्हणून. मनीषनगरवाल्या बाईनं मत काही बदललं नाही, त्यांचं म्हणणं राहिलंच का घरी वेळ कोणाले आहे, अन ते काही खोटं नाही. पण निघताना त्या म्हणाल्या, "मोठी झाली की छोटी, मला पण कळवा हं." पोहे सगळ्यांनी खाल्ले. तर्री कोणी घेतली नाही, फक्त साहेबानं दोनदा घेतली. त्यांना कोणी काही सांगतलं नाही.

घरी आली तर आत्याबाई दारातच. "कोण पसंत पडलं?"

"वकील. उलटे प्रश्न विचारणारा. मी मिठाचंच विचारलं, तर तो म्हणे भाजी किती जणांची." मले वाटलं आता त्या म्हणतीन, जशी तू. म्हणून मीच म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही मले त्याच उत्तरावर पसंत केलं होतं नं? वांगे किती?"

"म्या?" आत्याबाई म्हणाल्या. "म्या कुठं पसंत केलं तुले? म्या त तुह्या आधी जे पोरगी पायली ते पसंत केली होती. उंच होती. माळ्यावरचे डबे काढाले कामी आली असती. पोट्ट्यानं तुह्यासाठी जिद्द धरली."

मी आत गेली. भाजी फोडणीले टाकली. वांग्याचीच होती.

दिवस मावळला अन पोरगी मेणबत्ती घेऊन आली. तान्हा पोळा, लेकरांचा लाकडी बैलांचा सण, नुकताच झाला होता, तिचा लाकडी बैल अजून झुली घालून खिडकीत उभा होता. आम्ही लाईट बंद केले. तिनं बैल फरशीवर ठेवला, मी मेणबत्ती धरली. दूर धरली तर भिंतीवर बैल एवढासा. जवळ नेली तर बैल वाढला, अजून जवळ, अजून वाढला, त्याचे शिंग छताले लागले, अन पोरगी अशी किंचाळली का आत्याबाईबी पलंगावरून उतरून आल्या.

"मोठी होते! आई, मोठी होते! जवळ नेली का मोठी काहून होते?"

"काहून होत असन?" मी म्हटलं. मले तेबी माहीत नव्हतं. मी मेणबत्ती पुढं करून पाहिली, मागं करून पाहिली. आत्याबाईनं आपला हात मधात घातला, त्यांच्या बांगड्या भिंतीवर चाकाएवढ्या झाल्या. "मायी सावली पाड, मायीबी पाड," म्हणे, अन नाक पुढं केलं. पोरगी हसून हसून फरशीवर लोळाले लागली. किती वेळ गेला काय माहीत. बाहेरून पोरीच्या बाबाची गाडी आली, चप्पल वाजली, अन ते दारातूनच म्हणाले, "अंधारात काय करून राहिल्या? अन वास कशाचा येऊन राहिला?"

पोरीनं नाक वर करून हुंगलं. माह्याकडं पाहिलं. "आई," ती म्हणाली, "भाजी जळते."

मी म्हटलं, "चूप वं, आता तू नको सुरू करू."

पण ती खरंच जळून राहिली होती.